मायच्या कुशीत

लोहारा, यवतमाळ
४ नोव्हेंबर २०२४

ती. रामरावकाकांना सत्यभामाचा नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. आई आहे, मी आहे, दोघींची तब्येत बरी आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि अंजूच्या हाती निरोप द्यावा तर तुमची लेक त्यात पदरचा मसाला घालणार. म्हणून पत्र. डाकघरात पाकीट मागितलं तर तिथली मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली.

समेट करायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. बाबा गेले तेव्हा अख्खं गाव मातीला आलं होतं. नेरहून माणसं आली, दारव्ह्याहून आली, आणि फुलसावंगीहून सख्खा भाऊ आला नाही. तुम्ही तुमच्या वाट्याचं वावर बाबांना न विचारता विकलं, त्यावरून ते चिडले होते, मान्य आहे. अंजूचा नवरा गेला आणि तुम्हाला तिच्याकडे राहायला जावं लागलं, तेही मला माहीत आहे. पण गेलेल्या माणसाशी कसला राग धरायचा? मी ते विसरलेले नाही. आता कामाचं बोलते.

आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आहे. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मी रडायच्या बेतात होते. आईने मात्र चष्मा पुसला आणि विचारलं, "किती दिवस दिसन?" डॉक्टरांनी सांगता येत नाही म्हटलं. काल भाऊबीज होती. तिचे भाऊ कधीच गेले, ती चंद्राला ओवाळते. ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "सत्यभामा, डोळे हायेत तवरोक मले माह्या शेवंताची जागा पाहाची हाय."

शेवंता म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलं आहे. गोवरात गेली, तेव्हा तिला दातही आले नव्हते. तान्हं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि बाईमाणूस त्या जागी जात नाही. तिला पांघरुणात गुंडाळून घरातून तुम्ही नेलं, एवढं आईने पाहिलं. सांजेला बाबा घरी आले आणि "मायच्या कुशीत निजवली" एवढंच म्हणाले. आईने कधी विचारलं नाही, बाबांनी कधी सांगितलं नाही.

आता बाबा नाहीत. जागा ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं आहे आणि ते म्हणजे तुम्ही. तेव्हा राग-लोभ बाजूला ठेवून कुठे पुरली ते कळवा. एक ओळ पुरे आहे.

सत्यभामा


लोहारा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. अंजूने मोबाइलवर एवढंच कळवलं की, "बाबांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं." वाचलं ना? मग लिहायला काय झालं होतं! असो. आमचे बाबाही असेच होते. तुमच्या घराण्यात तोंड उघडायला मुहूर्त लागतो.

आज रविवार, मिलला सुटी. (मी अजून त्याच डाळमिलमध्ये आहे, एमआयडीसीत.) सकाळच्या गाडीने नेर, तिथून ऑटोने गाव. सरळ मसनात गेले. तुम्ही पाहिलंत तर ओळखणार नाही. टिनाचं शेड आहे, सिमेंटची बाकं आहेत, फाटक आहे. झाडं लावायचे खड्डे खणलेत आणि त्यात झाडांच्या नुसत्या काड्या उभ्या आहेत. अमर म्हणून ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, तो मोटारसायकल थांबवून म्हणाला, "ताई, बाईमाणसाचं काय काम हाय मसनात?"

मी म्हटलं, "मेल्यावर आणताच ना आम्हाले इथं? मंग जित्तेपणी पाहून घेतलं तर काय बिघडलं?"

तो हसला आणि मग माझ्याबरोबरच हिंडला. लहान लेकरांची जागा नाल्याच्या अंगाला होती, हे आईने ऐकलेलं. तिकडे गेलो तर नाल्याने काठ खाल्लेला. जिथे लेकरं पुरत तिथे आता बेशरमाची झुडपं आणि पाणी. वाहून गेली असेल तर आईला काय सांगायचं?

तेवढ्यात चार माणसं जमली. आपलं गाव, जमणारच. एकाने चिंचेखाली बोट दाखवलं, दुसऱ्याने फाटकाजवळ. तिसरा बकऱ्या राखणारा म्हातारा, त्याने मला हाताला धरून एका उंचवट्यापाशी नेलं आणि छातीठोक सांगितलं, "हेच. तुह्या बापाच्या पोरीचं हेच." वर दोन दगडही होते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हळदीकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, डोकं टेकलं, फोटो काढला. परत निघाले तर अमर फाटकापाशी खाली मान घालून म्हणाला, "ताई, सांगू का नोको सांगू झालं मले. ते मागच्या साली बोअर मारला, त्याची माती हाय."

मला हसावं की त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनवावे कळेना. त्याने वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. मी इतक्या दुरून आले, रिकाम्या हाती कशी जाऊ द्यायची, असं त्याला वाटलं असेल.

घरी आले तर आई दारातच उभी. "सापडली?" तो फोटो तिला दाखवता आला असता. तिला फोटोतलं नीट दिसत नाही, तिने विश्वास ठेवला असता, आणि माझी सुटका झाली असती. नाही दाखवला. "नाही सापडली," म्हटलं. ती आत गेली आणि कुकर लावला.

काका, तुम्हाला एक ओळ लिहायला जड जातं आणि मी बोअरच्या मातीला हळदीकुंकू वाहत फिरते. बरं दिसतं का हे?

सत्यभामा


लोहारा
१ डिसेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार.

आज पुन्हा गावात गेले होते, सुखीबाईकडे. शाळेमागच्या सुखीबाई. तुम्हाला आठवत असतील, तुम्ही लहानपणी त्यांच्या बोरी झोडपायचे, असं त्याच सांगत होत्या. आता खाटेवरच असतात, पण जीभ शाबूत आहे. मी बसायच्या आतच सुरू झाल्या.

"काहून वं, मसनात कायले फिरून राह्यली तू? साऱ्या गावात बोभाटा हाय. ते पोट्टी तिथं नाही."

"मग कुठं?"

"तुह्या बापानं सांगतलं नाही का? मायच्या कुशीत निजवली."

मी म्हटलं, ते तर आपण बोलतो तसं झालं. धरणीमायच्या कुशीत म्हणजे मातीत. पण माती कुठली?

"धरणीमाय नाही वं बाप्पा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "माय. त्यायची माय. तुही आजी."

मला अर्थ लागेना. आजी तर मी जन्मायच्या कितीतरी आधी गेली. तिला गावातच अग्नी दिला असणार, मग तिची कूस कुठून आली? तेव्हा सुखीबाईंनी जे सांगितलं ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. आजीने महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. आपल्या घरात ती एकटीच. त्या पंथात जाळत नाहीत. म्हणून तिला मातीडाग दिला, आपल्याच वावरात, आणि वर दगड नाही की नाव नाही.

"ते दोघं भाऊ तिले माय माय करत मांगं मांगं फिरत," सुखीबाई म्हणाल्या. "सारं गाव आपल्या मायले आई म्हने, हे दोघं माय म्हनत. तुह्या आईले कसं ठाऊक असन? ते लगन होऊन आली तवा सासू मातीत गेलती."

काका, मी गाडीत बसले ते थेट लोहाऱ्यापर्यंत याच विचारात. घरी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मले वाटे, ते मलेच बोलले."

"म्हणजे?"

"माहीच पोरगी. माह्याच कुशीतून उचलून नेली. अन् मलेच येऊन सांगतात, मायच्या कुशीत निजवली! मी माय नाही त कोन? मले असा राग आला वं. मंग मी कधी इचारलंच नाही. त्यायनं पुन्हा सांगतलं नाही."

एका शब्दावरून दोघं आयुष्यभर त्या पोरीबद्दल एकमेकांशी बोलले नाहीत. बाबांना वाटलं, सांगून झालं. आईला वाटलं, टोमणा मारला. आणि दोघं एकाच ताटवाटीत जेवत होते, एकाच घरात राहत होते. मला आईचा राग आला, बाबांचा आला, आणि खरं सांगायचं तर तुमचाही आला. तुम्ही तेव्हा तिथेच होता. भावजयीला एवढं सांगता आलं नसतं?

आता प्रश्न उरला वावराचा. आजी त्याच वावरात असेल ना, जे तुम्ही विकलं? बाबा एवढे का पेटले होते ते आज समजलं. आम्हाला वाटायचं, कापसाच्या चांगल्या जमिनीसाठी. पुढच्या रविवारी वावरात जाते. तुमच्या परवानगीची वाट पाहत नाही.

सत्यभामा


लोहारा
८ डिसेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार.

हे पत्र जरा सावकाश वाचा. मागच्या तीन पत्रांत मी जे बोलले त्यातलं थोडं परत घ्यायचं आहे.

वावर आता प्रेमसिंग राठोडांकडे आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मी गेले तेव्हा वेचणी चालली होती. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी बायकोला चहा टाकायला लावला आणि मला थेट वरच्या बांधाकडे, धुऱ्यापाशी नेलं. चारी बाजूंनी कापूस आणि मधे पळसाजवळ बैलगाडी उभी राहील एवढी जागा पडीक. नुसतं गवत.

"रामरावभाऊनं सौदा केला त्याच दिवशी सांगतलं," प्रेमसिंग म्हणाले. "पळसापासून धुऱ्यापर्यंत वखर घालू नोको. मी नाही घातला. ट्रॅक्टरवाला हर साल बोंबलते, तरी वळवून नेतो."

"का ते विचारलं नाही?"

"कायले इचारू? तांड्यात आमच्यातबी कुवारं माणूस मातीत ठेवतात. माणूस अशी जागा काहून सोडायले लावते, ते समजते."

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. विकताना तुम्ही परक्याला सांगून ठेवलं आणि आम्हाला सांगितलं नाही, याचा राग आहेच. पण जागा राखली तुम्ही. मला वाटत होतं तुम्ही सगळं विकून मोकळे झालात. तसं नव्हतं.

मी तिथूनच आईला फोन लावला. म्हटलं, सापडली, गाडी करते, उद्याच जाऊ. तर ती म्हणाली, "मी नाही येत."

का, म्हटलं.

"भाऊजी आल्याबिगर नाही येत. त्यायनं नेली, त्यायनंच दाखवली पाहिजे. तिथं दोघी हायेत, सासू कोनती अन् पोरगी कोनती, तुले काय ठाऊक?"

बरोबर होतं तिचं. गवतात काही कळत नाही. मी म्हटलं, काका कुठले येतात! भावाच्या मातीला आले नाहीत ते. तेव्हा आईने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिने इतकी वर्षं पोटात ठेवली होती. वावर विकल्यावर तुम्ही घरी आला होता आणि बाबा ओसरीवरून ओरडले होते, "माह्या मातीले येजो नोको." तुम्ही चप्पल घालून गेला. आणि मग खरंच आला नाही.

काका, रागात माणूस काहीही बोलतं. ते कोणी धरून बसतं का? तुम्ही धरलं. थोरल्या भावाचा शब्द म्हणून धरलं, हे आता मला समजतंय. आईला तेव्हाच समजलं होतं, पण माझ्यासमोर बाबांना कमीपणा येईल म्हणून बोलली नाही. आणि मी सगळ्या सोयऱ्यांत तुम्हाला नावं ठेवत फिरले.

तर आता आई बोलावते आहे. भावाने येऊ नको म्हटलं होतं, भावजय या म्हणते. पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला. अंजूला सांगितलं आहे, ती तुम्हाला महागावला यवतमाळच्या गाडीत बसवून देईल. बसस्टँडवर मी आणि आई गाडी घेऊन उभ्या राहू. डॉक्टरांनी औषध बदललं आहे, पण आईला उजव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. उशीर करू नका.

सत्यभामा


लोहारा
२२ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचं अंजूने कळवलं. आईने दिलेला तिळाचा डबा गाडीतच विसरलात म्हणे. आता तो महागावच्या स्टँडवर कोणीतरी संपवला असेल.

पंधरा तारखेला तुम्ही सोबतच होता, तेव्हा तिथे काय झालं ते तुम्हालाच काय सांगायचं? पण सांगावं लागणार आहे, कारण तुमच्या कानाचं मशीन बंद होतं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. गाडीत मी "चहा घ्यायचा का?" विचारलं, तुम्ही "हो हो" म्हणालात, आणि चहा समोर आल्यावर "हे कायले आणलं?" म्हणून विचारलंत. वावरात प्रेमसिंगांनी विचारलं, "तिकडं कापूस काय भावानं गेला?" तुम्ही मान हलवून म्हणालात, "हो, हो." तेव्हा मी समजले. प्रेमसिंगही समजले असावेत, ते नुसते हसले.

तुम्ही आईचा हात धरून गवतातून नेलं. पळसाकडे बोट करून "माय" म्हणालात, मग जरा अलीकडे खाली बसून जमिनीवर तळवा ठेवला आणि "हे शेवंता" म्हणालात. आई तुमच्याशेजारी बसली. तिला वाकून वाकून पाहावं लागत होतं, गवत बाजूला करून तिने माती पाहिली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मी पाण्याची बाटली घेऊन तयारच उभी होते. तिने पदराला बांधून आणलेलं झबलं काढलं. ते तिने दिवाळीनंतर शिवलं होतं, मला पत्ता नाही, या डोळ्यांनी शिवलं, टाके वाकडेतिकडे. ते मातीवर ठेवलं आणि वर दगड ठेवला.

मग ती तुमच्याकडे न पाहता, अगदी हळू बोलली. तुम्ही तिच्याकडे पाहत होता आणि तिचे ओठ हलताना तुम्हाला दिसले असतील. ती म्हणाली, "भाऊजी, तवा हे होते का संगं? का तुमीच एकटे आलते?"

तुम्ही म्हणालात, "हो. हो."

आईने डोळे मिटले आणि मातीवरून हात फिरवत राहिली.

परतीच्या वाटेवर, तुम्हाला यवतमाळला गाडीत बसवून दिल्यावर, तिने मला सांगितलं. त्या सांजेला बाबा घरी आले, पाय धुतले, भाकर मागितली आणि जेवले. डोळ्यांत टिपूस नव्हता. आईला तेव्हापासून वाटत आलं की पोरीला शेवटचं ठेवायलाही बाप गेला नाही, धाकट्या भावावर टाकून खळ्यात बसून राहिला. तिने ते बाबांनाही कधी विचारलं नाही. शेवंताची जागा पाहायची होती हे खरंच होतं, पण तिला हे विचारायचं होतं. "होते ते," ती मला म्हणाली. "भाऊजीनं सांगतलं. होते."

तेव्हापासून ती बाबांबद्दल बोलते. आतापर्यंत बाबांचा विषय निघाला की कामाला लागायची, आता स्वतःहून काढते. बाबांना कढी कशी लागायची, पोळ्याला बैल सजवताना ते कसे गात, शेवंताच्या वेळी पाळण्याची दोरी त्यांनी स्वतः कशी वळली होती. काल मला म्हणाली, "लय मायाळू होता तुहा बाप." हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

काका, तुमचं "हो" मी ऐकलं. पण तुम्ही प्रश्न ऐकला नव्हता, हेही मी पाहिलं.

तेव्हा आता लिहून विचारते. बाबा होते का सोबत?

असतील तर मशीनमध्ये नवा सेल घाला आणि इकडे या. आईजवळ बसा आणि कसं नेलं, कोण काय बोललं, बाबांनी काय केलं, सगळं तिला मोठ्याने सांगा. तिला ऐकायचं आहे.

नसतील तर या पत्राला उत्तर लिहू नका. मी काही विचारलं नव्हतं असं समजेन. पण तरीही या.

तुमची,
सत्यभामा